अडीच फुटांची ओढ

नागपुरात ट्राम कधीच धावली नाही. घोड्यांची नाही, विजेचीही नाही. १८६७ साली जी.आय.पी. रेल्वे मुंबईहून इथवर पोचली, दहा वर्षांनी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, मध्य प्रांताची राजधानी म्हणून सिव्हिल लाईन्समध्ये बंगले उठले; पण सीताबर्डीहून महालात जायचं तर नागपूरकर टांगाच बोलावत राहिला. पुढं सायकल रिक्षा आली, मग ऑटो.

तरीही ट्रामची गोष्ट नागपुरातून सांगायला हरकत नाही. मुंबई–हावडा लोहमार्गावर हे शहर अधेमधे बसलेलं आहे. मुंबई इथून ८३७ किलोमीटर, हावडा ११३१. पश्चिमेकडच्या टोकाची ट्राम १९६४ साली संपली, पूर्वेकडची संपता संपत नाही. आणि या दोन टोकांच्या मधे, खुद्द नागपुरात, शंभराहून जास्त वर्षं एक छोटी गाडी चालत होती. तिला कुणी ट्राम म्हटलं नाही. ट्रामच्या आठवणी काढताना लोक ज्या गोष्टींसाठी हळवे होतात, त्यातल्या बहुतेक मात्र तिच्यात होत्या.

आधी मुंबई. तिथल्या ट्रामचा जन्म लांबला तो कापसामुळं. १८६५ साली एका अमेरिकन कंपनीनं शहरात घोड्यांची ट्राम घालायचा प्रस्ताव मांडला होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळं तिकडचा कापूस बंद, म्हणून इकडच्या कापसाला सोन्याचा भाव, आणि त्या पैशावर मुंबईत शेअरचा जुगार, असे ते दिवस. युद्ध थांबलं, भाव कोसळले, कंपन्या बुडाल्या आणि ट्रामही कागदावरच राहिली. १८७३ साली बॉम्बे ट्रामवे कंपनी स्थापन झाली आणि ९ मे १८७४ रोजी गाड्या सुरू झाल्या. एक वाट कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीला, दुसरी बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणीलाच. भाडं तीन आणे. तिकीट म्हणून काही देतच नसत. स्टर्न्स आणि किट्रेज या कंत्राटदारांच्या तबेल्यात सुरुवातीला नऊशे घोडे होते, म्हणजे ट्राम कंपनी चालवणं हा अर्ध्याहून अधिक घोडे पाळण्याचाच धंदा होता.

तीन आणे त्या काळात हमालाला परवडणारे नव्हते. कंपनीला हे लवकरच कळलं. भाडं दोन आण्यांवर आलं, शतक संपता संपता एका आण्यावर, आणि तेव्हा कुठं ट्राम खऱ्या अर्थानं मुंबईची झाली. १९०५ साली बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनीनं सगळा कारभार विकत घेतला. ७ मे १९०७ रोजी विजेची पहिली ट्राम पालिकेच्या कचेरीसमोरून क्रॉफर्ड मार्केटकडे निघाली. घोडे गेले, डोक्यावर तारा आल्या. १९२० च्या सप्टेंबरात दुमजली ट्राम आली.

त्या वरच्या मजल्यावर प्रवाशाला काय मिळे, याचा अंदाज आजही बांधता येतो. चाळीच्या पहिल्या मजल्याच्या गॅलरीशी नजर सरळ भिडे. वाळत घातलेली लुगडी, दाढी करणारा गृहस्थ, अभ्यासाला बसवलेलं पोर हे सगळं हाताच्या अंतरावरून सरकत जाई, आणि ट्रामचा वेग असा की ते नीट पाहून होईपर्यंत पुढची गॅलरी येत नसे. खाली चालक उभ्यानं पायाची घंटा बडवत असे, कारण रुळांत हातगाडी शिरली तर ट्रामला बाजूनं निघून जायची सोयच नव्हती. समोरचा हलेल तेव्हाच आपण हलायचं. मोटारीतल्या माणसाला हे चीड आणणारं वाटे, ट्रामच्या बाकावरच्या माणसाला तोच वेळ फुकटात मिळालेला तमाशा.

लांब सफरीची हौस असलेल्यांसाठी गोवालिया टँकचं टर्मिनस होतं. तिथून किंग्ज सर्कलपर्यंत बसून राहिलं की गिरणगाव, बाजार, थिएटरं, इस्पितळं असं अख्खं शहर एका तिकिटात ओलांडता येई. त्याच टर्मिनसच्या शेजारच्या मैदानात ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस महासमितीची 'चले जाव'ची बैठक भरली.

आता थोडं रोखठोक. ट्रामबद्दल आज जे गहिवर निघतात, ते बहुधा अशांचे ज्यांना तिनं कामावर वेळेत पोचायचं नव्हतं. गिरणीचा भोंगा झाल्यावर फाटकाशी धापा टाकत पोचणाऱ्याला तिची संथ चाल रम्य वाटली असेल, असं मानायला काही आधार नाही. तो ट्रामनं गेला कारण ती स्वस्त होती. १९२६ च्या जुलैत अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस निघाली आणि तिनं फूटपाथला लागून थांबण्याची सोय दाखवून दिली, तेव्हाच ट्रामचं पुढचं भविष्य ठरल्यासारखं झालं. ट्राममध्ये चढायचं तर भर रस्त्याच्या मधोमध जावं लागे. मोटारी वाढल्या तसा तो चढउतार जिवावरचा झाला. ऑगस्ट १९४७ मध्ये सगळा कारभार पालिकेकडे आला, पण तोवर गाड्या थकल्या होत्या आणि रूळ घासले होते. १९६२ साली गोवालिया टँक ते माझगाव या वाटेवर ट्रामच्या जागी ट्रॉलीबस आणून पाहिली. तीही १९७१ पर्यंतच टिकली.

३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदर ते दादर अशी शेवटची ट्राम गेली. तिच्यात चढायला माणसं लोंबकळत होती. एरवी रोज तिला शिव्या घालणारेही त्यात असणारच. तिच्या नावाचं दादर टीटी (ट्राम टर्मिनस) मात्र अजून रोज लाखो लोकांच्या तोंडी आहे, आणि २०१८ साली फ्लोरा फाउंटनच्या डागडुजीसाठी खोदकाम केलं तेव्हा डांबराखालून जुने रूळ वर आले. पालिकेनं ते सगळेच उचलून नेले नव्हते. काही जागच्या जागी पुरून टाकले होते.

मुंबईची ट्राम सगळ्यांना ठाऊक असते, नाशिकची फारशी नाही. जी.आय.पी.चं स्टेशन गावापासून आठ-दहा किलोमीटर लांब, आज ज्याला नाशिकरोड म्हणतात तिथं पडलं. त्र्यंबकेश्वर, पंचवटी, गंगाघाट करायला आलेल्या यात्रेकरूला गाडीतून उतरल्यावर पुन्हा एवढी मजल मारावी लागे. १८८९ साली तिथं ट्राम सुरू झाली. स्टेशनपासून मेन रोडवरच्या जुन्या पालिका इमारतीपर्यंत. सुरुवातीला दोन डबे आणि ते ओढायला चार घोडे. १९३१ ते १९३३ च्या दरम्यान ती बंद पडली. नाशिककरांच्या घरांत तिच्या गोष्टी अजून निघतात, तरी मराठीत तिच्यावर लिहिलं गेलंय ते अगदीच थोडं.

या ट्रामचे रूळ एकमेकांपासून अडीच फुटांवर होते. आणि तिचा सल्लागार अभियंता होता एव्हरार्ड कॅल्थ्रॉप.

हा माणूस विक्षिप्त आणि हुशार. जी.आय.पी.ची नोकरी सोडून त्यानं छोट्या रेल्वेचा ध्यास घेतला. त्याचं म्हणणं सरळ होतं: साडेपाच फुटी रूळ घालण्याइतका पैसा आणि माल जिथं नाही तिथं अडीच फुटी घाला, प्रत्येक आसावरचं वजन कमी ठेवा, म्हणजे हलके रूळ पुरतात, तीव्र वळणं जमतात आणि खर्च निम्म्याहून खाली येतो. १८९७ साली कुर्डुवाडी–बार्शी लाईट रेल्वे सुरू करून त्यानं ते सिद्धही करून दाखवलं. पुढं विलायतेत जाऊन याच माणसानं वैमानिकांसाठी 'गार्डियन एंजल' नावाचं पॅराशूट बनवलं. बार्शीच्या गाडीत बसलेल्या किती जणांना हे ठाऊक असेल!

अडीच फुटांचं हेच माप विदर्भात आलं आणि चांगलंच रुजलं. मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणारी शकुंतला त्याच मापाची, आणि सातपुड्यात बंगाल नागपूर रेल्वेनं विणलेलं गोंदिया, नैनपूर, जबलपूर, छिंदवाड्याचं जाळंही त्याच मापाचं. नागपूरच्या इतवारीतून दोन वाटा फुटत. एक उत्तरेला कोराडी, खापरखेडा, सावनेर, केळोद करत सौंसरवरून घाट चढून छिंदवाड्याला. दुसरी आग्नेयेला उमरेड, भिवापूर, पवनी रोड करत नागभीडला. नागपुरात हिला नॅरोगेज म्हणत, पण जास्त करून 'छोटी लाईन' किंवा नुसतं 'छोटी गाडी'.

छोटी गाडी ही ट्राम नव्हे, हे मान्य. ती स्वतःच्या जमिनीवरून जाई, रस्त्याच्या मधून नाही. परंतु शहरातून बाहेर पडेपर्यंतचा तिचा प्रवास पाहिला असेल त्याला फरक फार जाणवायचा नाही. इतवारी म्हणजे नागपूरचं पोट. धान्याचा ठोक बाजार, किराणा, सराफा, कापड, मसाले. तिथून निघालेली गाडी घरांच्या मागच्या अंगणांना खेटून जाई. फाटक पडलं की अलीकडे-पलीकडे सायकली, रिक्षा, बैलांच्या दमण्या थांबत, आणि डब्यातला माणूस व फाटकावरचा माणूस एकमेकांकडे निवांत बघून घेत. ओळखीचा निघाला तर निरोपही दिला जाई. डब्याची रुंदी इतकी बेताची की समोरासमोरच्या बाकांवर बसलं की गुडघ्याला गुडघा लागे. अशा ठिकाणी दोन स्टेशनं होईपर्यंत समोरच्याचं गाव, आडनाव आणि लेकीच्या सासरचं सगळं कळल्यावाचून राहत नसे.

खिडकीला बाहेरून दुधाचे कॅन लटकत. भिवापूरची मिरची, रानातल्या लाकडांच्या मोळ्या, भाजीच्या टोपल्या, बाजारहाटाला निघालेल्या बाया, उमरेडच्या कोळसा खाणीकडे जाणारे कामगार, कॉलेजची पोरं. जागा संपली की पोरं टपावर चढत. वेग इतका कमी की धावत येऊन गाडी पकडता येई. नागभीडला पोचेपर्यंत सकाळ मोडून जाई, त्याची तक्रार होती. पण एसटीच्या निम्म्याहून कमी पैशांत, बकरीसकट, आणि थेट बाजाराच्या दारात उतरवणारी दुसरी सोय कोणती होती? मुंबईच्या एका आण्याच्या ट्रामचं गणित इथं वेगळ्या मुलखात तसंच्या तसं लागू पडत होतं.

छिंदवाड्याच्या लाईनीला आणखी एक पदर होता. सौंसर तालुका आज मध्य प्रदेशात आहे, पण तिथल्या घराघरांत मराठी चालते, सोयरिकी नागपूरशी, दवाखाना नागपूरचा, दसऱ्याची खरेदी इतवारीची. राज्याची सीमा १९५६ साली मधून गेली. छोटी गाडी मात्र तिला न जुमानता रोज ये-जा करत राहिली.

२०१५ च्या अखेरीला छिंदवाड्याची छोटी गाडी बंद झाली. नोव्हेंबर २०१९ मध्ये नागभीडचीही. रूळ रुंद करायचे होते, आणि ते करायलाच हवे होते. शंभर वर्षांपूर्वीच्या मापात आजची वाहतूक कोंबणं हा हट्टच झाला असता. छिंदवाड्याला २०२१ साली मोठी गाडी सुरू झाली. नागभीडच्या वाटेत उमरेड–कऱ्हांडला अभयारण्याच्या परिसरातल्या वाघांच्या ये-जा करण्याच्या जागा येतात. छोटी गाडी डुलत जाई तोवर वाघाला आणि तिला एकमेकांचं फारसं काही वाटत नव्हतं. वेगवान गाडीचं तसं नाही, म्हणून वन्यजीव अभ्यासकांनी भुयारी वाटा आणि उंच मार्गांचा आग्रह धरला. सोयीच्या हिशोबात हाही खर्च धरावा लागतो.

जे वाचलं ते मोतीबागेत आहे. कामठी रोडवर कडबी चौकाजवळ दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचं नॅरोगेज संग्रहालय १४ डिसेंबर २००२ रोजी उघडलं. त्याच्या शेजारी छोट्या लाईनीची दुरुस्ती करणारा मोतीबाग कारखाना, तो एकोणिसाव्या शतकातला. संग्रहालयात वाफेची इंजिनं आहेत, सलून आहेत, हातानं ओढायचे सिग्नल, तिकिटं छापायची यंत्रं, कंदील आहेत आणि मुलांना फिरवून आणणारी एक गाडीही आहे. रविवारी तिथं गर्दी असते ती प्रामुख्यानं आजोबा आणि नातवंडांची. नातवंडं गाडीच्या रांगेत असतात. आजोबा एखाद्या इंजिनाच्या चाकाशी उभे राहून नातवाच्या आईला सांगत असतात की यानं आपण पवनीला आत्याकडे जायचो.

याच रस्त्यावर, थोडं सीताबर्डीच्या बाजूला, गड्डीगोदामचा चौक आहे. तिथं एकावर एक चार थर आहेत: तळाशी रस्ता, त्यावर रेल्वेचे रूळ, त्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यात वर मेट्रो. अभियंते देशोदेशीहून पाहायला यावेत असं काम आहे आणि नागपूरकराला त्याचा सार्थ अभिमान आहे. नागपूर मेट्रोचा पहिला टप्पा ८ मार्च २०१९ रोजी सुरू झाला, डिसेंबर २०२२ पर्यंत नारंगी आणि आकाशी अशा दोन्ही मार्गिका पूर्ण धावू लागल्या. गाडी गार आहे, स्वच्छ आहे, वेळेवर आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या वर गेला की छोट्या गाडीच्या टपावर बसून उमरेडला जाण्याचं रमणीय वर्णन कुणी करू नये.

पण मेट्रोतून शहर दिसतं ते छपरांचं. पाण्याच्या टाक्या, सौर तावदानं, होर्डिंगच्या पाठी, लांबवर अंबाझरीची झाडी. माणसं दिसतात, चेहरे दिसत नाहीत. दरवाजे मिटतात आणि बाहेरचा आवाज कापल्यासारखा थांबतो. डब्यात सगळे मोबाईलमध्ये असतात, तो मेट्रोचा दोष नाही. बाहेर पाहावं असं फारसं काही समोर नसतं. ट्राम आणि छोटी गाडी यांची गोडी त्यांच्या म्हातारपणात होती असं आपण धरून चालतो. खरी गोडी उंचीत आणि वेगात होती. बाक रस्त्याच्या पातळीला, आणि चाल अशी की दुकानावरची पाटी शेवटपर्यंत वाचून होते. हे नव्याकोऱ्या गाडीतही जमू शकतं, आणि जगात अनेक शहरांनी ते जमवलं आहे. पॅरिसनं १९३० च्या दशकात ट्राम काढून टाकली आणि १९९२ साली उपनगरातून परत आणली. मेलबर्ननं ती मुळी काढलीच नाही. आज जगातलं सर्वांत मोठं ट्रामचं जाळं तिथं आहे आणि भर गावात तिच्यात फुकट बसता येतं.

सॅन फ्रान्सिस्कोची गोष्ट सगळ्यांत गमतीची. १९४७ साली तिथल्या महापौरांनी केबल कार बंद करायचं ठरवलं. फ्रीडेल क्लुसमान नावाच्या बाईनं महिला मंडळं गोळा केली, सार्वमताला भाग पाडलं आणि महापौरांना हरवलं. तीच केबल कार १९६४ साली राष्ट्रीय वारसा म्हणून जाहीर झाली. मुंबईत शेवटची ट्राम दादरला पोचली तेच वर्ष.

आपल्याकडे उरली ती कोलकात्याची. २४ फेब्रुवारी १८७३ रोजी सियालदा ते आर्मेनियन घाट अशी तिथं घोड्यांची ट्राम निघाली, वर्षाच्या आत तोट्यात बंद पडली, १८८० साली नव्या कंपनीनं पुन्हा उभी केली आणि १९०२ साली ती विजेवर गेली. तेव्हापासून त्या शहरानं तिच्यावर प्रेमही केलं आणि तिच्यासाठी डोकीही फोडून घेतली. १९५३ च्या जुलैत दुसऱ्या वर्गाचं भाडं एका पैशानं वाढलं, तर रस्त्यावर दंगल पेटली, ट्राम जळल्या आणि अखेर तो पैसा सरकारला मागं घ्यावा लागला. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरात कवी जीवनानंद दास यांना ट्रामचा धक्का लागला आणि काही दिवसांनी ते गेले. आधुनिक बंगाली कवितेच्या चर्चेत तो अपघात अजून निघतो. ट्रामसारख्या धिम्या वाहनाखाली माणूस येतो कसा, हा प्रश्न तिथल्या समीक्षकांनी सोडलेला नाही.

२०२३ साली तिला दीडशे वर्षं झाली तेव्हा मिरवणूक निघाली, आणि २०२४ च्या सप्टेंबरात पश्चिम बंगालच्या परिवहन मंत्र्यांनी सांगितलं की एस्प्लनेड ते मैदान एवढा हौशी फेरा सोडून बाकीची ट्राम बंद करायची आहे. कारण तेच, मुंबईत साठ वर्षांपूर्वी दिलेलं: रस्ते अरुंद, गर्दी फार, ट्राम आड येते. ट्रामप्रेमी उच्च न्यायालयात गेले आहेत. त्यांचं म्हणणं असं की विजेवर चालणारी, धूर न सोडणारी गाडी दिल्ली-मुंबईला अब्जावधी खर्चून उभारावी लागते, ती इथं आयती असताना मोडायची कशाला? प्रश्न बिनतोड आहे. मात्र त्या रस्त्यावर संध्याकाळी सहाला अर्धा तास अडकलेल्या टॅक्सीवाल्याचं मत न्यायालयात कुणी विचारलेलं नाही.

नागपूरकराला जायचं असेल तर वाट सोपी आहे. सकाळी मुंबईहून सुटलेली गीतांजली संध्याकाळी नागपूरला येते. मधू दंडवते रेल्वेमंत्री असताना, १९७७ च्या डिसेंबरात, वर्गभेद नसलेली गाडी म्हणून तिची सुरुवात झाली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी हावडा. १९४३ साली हावड्याचा पूल सुरू झाला तेव्हा त्यावरून पहिली गेली ती एकटी ट्रामच. १९९३ पासून मात्र पुलावर ट्राम नाही, तेव्हा नदी बोटीनं ओलांडावी आणि एस्प्लनेड गाठावं. श्यामबाजारची किंवा गडियाहाटची गाडी लागली असेल तर बिनधास्त चढावं, खिडकीची जागा धरावी आणि शेवटपर्यंत उतरू नये. ट्राम त्या दिवशी चालू आहे की नाही, हे मात्र तिकीट काढण्याआधी कोलकात्यातल्या कुणाला तरी फोन करून विचारून घ्यावं.